इस्टिमेट जोत्यावरच का संपतं? घरबांधणीचा अंदाज फुटतो तेव्हा काय तपासावं

"सर, तुम्ही अठरा म्हणले होते. इथं जोत्यालाच सहा गेले."

केज तालुक्यातल्या एका गावात, अर्ध्या भरलेल्या जोत्यावर उभं राहून एका निवृत्त गुरुजींनी मला हे सांगितलं, त्याला आता काही वर्षं झाली. आवाज चढवला नाही त्यांनी. खिशातून मीच दिलेला कागद काढला, घडी उलगडली आणि माझ्यापुढं धरला. त्यावर एकच ओळ होती: बांधकाम १००० चौरस फूट, दर १८०० रुपये, एकूण १८ लाख. निवृत्तीच्या पैशातून माणूस घर बांधत होता आणि मी त्याला एका गुणाकाराच्या भरवशावर कामाला लावलं होतं. चूक गुत्तेदाराची नव्हती, गवंड्याची नव्हती. चूक माझ्या कागदाची होती.

तेव्हापासून लातूर, बीड, धाराशिव या पट्ट्यात कोणी "अंदाज चुकला" म्हणून आलं की मी पहिला प्रश्न एकच विचारतो: पैसे कुठं आल्यावर संपले? जोत्याला, स्लॅबला, की रंग-फरशीच्या वेळी? इस्टिमेट कुठं फुटलं हे कळलं की का फुटलं हेही बरंचसं कळतं. जोत्याला फुटलं तर जमीन तपासलेली नसते. स्लॅबला फुटलं तर मापं आणि माल मोजलेला नसतो. शेवटाला फुटलं तर निम्म्या गोष्टी कागदावर आलेल्याच नसतात. भाव वाढले हे कारण सगळे देतात, पण माझ्या अनुभवात भाववाढ बहुतेक वेळा चौथ्या नंबरला असते.

जोत्याला फुटलं असेल तर

आपल्याकडची काळी माती कापसाला सोनं आहे, पायाला वैरी आहे. पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि हात जाईल एवढ्या भेगा पडतात. तिच्यावर पाया ठेवला तर घर दरवर्षी थोडं वर-खाली होतं आणि भिंतीला खिडकीच्या कोपऱ्यातून तिरक्या चिरा जातात. म्हणून काळी पार करून पक्क्या मुरमापर्यंत जायचं, हे गवंडीसुद्धा जाणतो. तो मुरूम किती खोल आहे हे मात्र प्लॉट बघून सांगता येत नाही, आणि चौरस फुटाचा दर तर आंधळाच असतो. चार फुटांवर मुरूम असो की दहा फुटांवर, दर तोच!

गुरुजींच्या प्लॉटवर पुढच्या बाजूला पाच फुटांवर मुरूम लागला. मी तिथंच एक खड्डा बघितला होता आणि तेवढ्यावर समाधान मानलं. मागच्या बाजूला नऊ फुटांपर्यंत काळीच. कॉलमचे खड्डे १२, प्रत्येक ५ बाय ५ फुटांचा. त्यातले मागचे ६ खड्डे ४ फूट जास्त गेले, म्हणजे ६०० घनफूट, म्हणजेच ६ ब्रास खोदकाम कागदाबाहेरचं. खोदकाम तरी स्वस्त. कॉलमची जमिनीखालची लांबी वाढली, तेवढं लोखंड आणि काँक्रीट वाढलं. मध्येच एक पाऊस येऊन खड्ड्यांच्या कडा ढासळल्या, त्या पुन्हा काढाव्या लागल्या.

दुसरी गोष्ट भरावाची. खड्ड्यातून निघालेली काळी माती जोत्यात भरायची नाही. भरली तर दोन-तीन पावसाळ्यांत फरशी उचलली जाते, खाली पोकळ वाजते. म्हणजे ती माती बाहेर टाकायची वाहतूक वेगळी आणि मुरूम आणायची वाहतूक वेगळी. २५ बाय ४० च्या घरात भिंती वजा जाता आत साधारण ८५० चौरस फूट जागा राहते. ३ फूट भराव धरला तर २५५० घनफूट, साडेपंचवीस ब्रास. पण मुरूम पाणी मारून धुमसल्यावर पाचवा-सहावा हिस्सा बसतो, त्यामुळं जागेवर तीस-बत्तीस ब्रास टाकावा लागतो. मी भराव २ फुटांचा धरून चाललो होतो. तो ३ फूट का झाला? कारण मधल्या काळात गल्लीत सिमेंटचा रस्ता झाला आणि रस्त्याची पातळी वर आली. जोतं २ फुटांवर ठेवलं असतं तर गल्लीतलं पाणी घरात आलं असतं.

म्हणून आता माझा नेम असा आहे. प्लॉटच्या समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांत आणि मधे, असे तीन खड्डे आधी घ्यायचे. माणूस आत उतरेल एवढे रुंद, आणि पहारीला पक्का मुरूम लागेपर्यंत खोल. तीन खड्ड्यांचा खर्च मालकाला सुरुवातीला खटकतो. मी तो नकाशाच्या फीमध्येच धरतो, म्हणजे वादच नको. सोबत शेजारची विहीर बघायची. विहिरीचा कडा हा फुकटचा अहवाल आहे: काळी किती फूट, मुरूम कुठून सुरू, दगड कुठं, सगळं उभं दिसतं. शेजाऱ्याला विचारायचं, "तुमचा पाया किती खाली गेला?" आणि ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत विचारायचं, समोरचा रस्ता किती वर येणार आहे. खड्डे न घेता आता मी कोणालाही जोत्यापर्यंतचा आकडा देत नाही. माणूस फारच मागे लागला तर सांगतो, जोत्याच्या वरचा देतो, खालचा खड्डे झाल्यावर.

स्लॅबला फुटलं असेल तर

इथं तीन ठिकाणी बघा: क्षेत्रफळ, जाडी आणि ट्रॉली.

"हजार फुटाचं घर" म्हणजे स्लॅब हजार फुटाचा नसतो. २५ बाय ४० च्या घराला चारी बाजूंनी दीड फूट स्लॅब बाहेर काढला की तो २८ बाय ४३ होतो, म्हणजे १२०४ चौरस फूट. एका ओळीत दोनशे फूट वाढले, त्यांचं लोखंड वाढलं, सेंट्रिंग (स्लॅब तोलून धरणाऱ्या फळ्या आणि टेकू) वाढलं, मजुरी वाढली.

जाडीचं गणित सगळ्यांनी एकदा हातानं करून बघावं. १००० चौरस फुटाचा ५ इंची स्लॅब म्हणजे ४१७ घनफूट, सव्वाचार ब्रासला थोडा कमी, ११.८ घनमीटर. सिमेंट, वाळू, खडी एक-दीड-तीनच्या प्रमाणात घेतली तर घनमीटरला सिमेंटच्या साधारण ८ गोण्या लागतात, म्हणजे ९५ गोण्या नुसत्या स्लॅबला, बीम वेगळे. आता सेंट्रिंग मधे अर्धा इंच दबलं, किंवा लेव्हलची दोरी नीट बांधली नाही आणि स्लॅब साडेपाच इंच पडला, तर ९-१० गोण्या, वाळू, खडी हे सगळं जास्तीचं गेलं आणि कोणाला दिसलंही नाही. स्लॅबच्या दिवशी मी हातात मापाची सळई घेऊन फिरतो ते याच्यासाठी.

आणि ट्रॉली. आपल्याकडं मुरूम, वाळू, खडी सगळं "एक ट्रॉली, एक ब्रास" या हिशेबानं येतं. ब्रास म्हणजे १०० घनफूट, यात मतभेद नाही. मतभेद ट्रॉलीत आहे. आतून १० फूट लांब, ६ फूट रुंद आणि दीड फूट उंच ट्रॉली भरली तर ९० घनफूट. शीग लावली तर ब्रास होतो, खड्ड्याखुड्ड्याच्या रस्त्यानं शीग सांडली तर होत नाही. तीस ट्रॉल्यांत दहा टक्के म्हणजे तीन ब्रासचा फरक. ट्रॉली पहिल्यांदा आली की टेप लावा, आतून मापा, आणि दर ब्रासचा ठरला आहे की ट्रॉलीचा हे ट्रॅक्टरवाल्याशी तिथंच बोला. तो रागावत नाही. ज्याला रोजचा धंदा करायचा आहे त्याला मापाचं गिऱ्हाईक आवडतंच.

वाळूत आणखी एक गोष्ट आहे आणि ती बहुतेक इस्टिमेटांत धरलेलीच नसते. ओलसर वाळू फुगलेली असते. दाण्यांभोवती पाण्याचा पातळ थर बसून दाणे एकमेकांपासून दूर राहतात आणि तीच वाळू पाव हिस्सा जास्त जागा व्यापते. पूर्ण पाण्यात बुडाली की पुन्हा मूळ मापावर येते. म्हणजे ओलसर वाळूचा ब्रास घेतला तर दाम ब्रासचे दिले आणि वाळू ऐंशी टक्केच मिळाली, असं होऊ शकतं. हे साइटवर पाच मिनिटांत तपासता येतं. सरळ उभ्या काचेच्या पेल्यात किंवा बरणीत वाळू न दाबता भरा आणि तिची उंची मोजा, समजा २० सेंटिमीटर. वाळू बाहेर काढा, बरणी अर्धी पाण्यानं भरा, वाळू पुन्हा आत सोडा, काडीनं ढवळा, बसू द्या. आता १६ सेंटिमीटर भरली तर फुगवटा ४ भागिले १६, म्हणजे २५ टक्के. तेवढी जास्त वाळू कागदावर धरा, किंवा दर कमी करून घ्या. नदीची वाळू मिळत नाही म्हणून आता बरेच जण कृत्रिम वाळू वापरतात. तीसुद्धा धुऊन ओली येते, म्हणून तिचीही हीच परीक्षा घ्या.

लोखंडाचं थोडक्यात सांगतो. सळईच्या व्यासाचा वर्ग भागिले १६२ केला की मीटरचं वजन किलोत येतं. १२ मिलिमीटरची १२ मीटर लांब सळई १०.६६ किलोच्या आसपास भरायला हवी. मानकात या जाडीला ५ टक्के कमी-जास्त चालतं. आपण इस्टिमेटात सळया मोजतो आणि दुकानात वजनानं घेतो, त्यामुळं सळई जड आली तर तेवढ्याच पैशात नग कमी येतात. सांधे, कटिंगचे तुकडे आणि बांधायची तार यांच्यासाठी वेगळी ओळ ठेवा.

गुत्तेदाराचा फूट आणि तुमचा फूट

मजुरीचा दर फुटावर ठरतो. भांडणं होतात ती फूट कुठला, यावरून. जोत्याचं माप की स्लॅबचं? जिना धरला का? छज्जा, पॅरापेट, वरची टाकी, ओटा? प्लास्टर मोजताना दारं-खिडक्या वजा होणार का? सरकारी मोजणीच्या पद्धतीत, म्हणजे आयएस १२०० मध्ये, अर्ध्या चौरस मीटरपर्यंतचं भोक प्लास्टरमधून वजा करत नाहीत, ३ चौरस मीटरपर्यंतचं एकाच बाजूनं वजा करतात आणि त्याहून मोठं दोन्ही बाजूंनी. आपल्या गावाकडं बहुतेक ठिकाणी "खिडकीचं काय कापायचं, कडा तर बांधाव्याच लागतात" असं म्हणून सगळं सरसकट धरतात. कोणतीही पद्धत चालेल, पण ती काम सुरू व्हायच्या आधी कागदावर यायला हवी. मी आता मालक आणि गुत्तेदार दोघांना समोरासमोर बसवून नकाशावर लाल पेनानं माप कुठून कुठपर्यंत ते काढतो आणि दोघांच्या सह्या घेतो. चहा होईपर्यंत हे काम उरकतं.

शेवटाला फुटलं असेल तर

भिंतीबाहेरचं सगळं राहिलेलं असतं. बोअर आणि मोटार, सेप्टिक टाकी, शोषखड्डा, कंपाउंड, गेट, तात्पुरतं वीज मीटर आणि नंतरचं कायमचं, बांधकाम परवानगीची फी, हौद, मालाच्या राखणीला माणूस, गोण्यांची हमाली. एकेक ओळ लिहा, आकडा नंतर टाका. आकडा चुकला तर दहा-वीस टक्के चुकतो, ओळच राहिली तर शंभर टक्के चुकतं.

तारीख नसलेलं इस्टिमेट

दिवाळीत इस्टिमेट करायचं आणि अक्षय तृतीयेला कुदळ मारायची, ही आपली रीत. मधे सहा महिने जातात. जालन्याच्या लोखंडाचा भाव रोज बदलतो, त्यामुळं कागदावर प्रत्येक दरासमोर तो कोणत्या तारखेचा आहे, साइटवर पोहोच आहे की दुकानातला, आणि जीएसटी धरून आहे की सोडून, हे लिहा. दर वरच जातात असंही नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून सिमेंटवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. त्याच्या आधीचा कागद घेऊन कोणी काम करत असेल तर सिमेंटची ओळ पुन्हा लिहायला हवी.

पण भावापेक्षा हंगाम जास्त महाग पडतो, आणि तो कुठल्याच दरसूचीत नसतो. दसरा झाला की बीड आणि आसपासच्या तालुक्यांतून ऊसतोडीला माणसं निघतात, ती पाडव्याच्या सुमाराला परततात. गावात उरलेल्या बिगाऱ्याची मजुरी चढते, कधी बिगारी मिळतच नाही. माणसं परत येतात तोवर पाणी संपलेलं असतं. स्लॅबला पाणी मारणं हा खर्च आहे, हे लातूरकरांना सांगायला नको. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं प्यायचं पाणी आणावं लागलेलं हे शहर. कोरड्या गरम हवेत काँक्रीट निदान १० दिवस ओलं ठेवायचं असं आयएस ४५६, म्हणजे काँक्रीटचं भारतीय मानक सांगतं, आणि आपण वापरतो त्या राख मिसळलेल्या सिमेंटला १४ दिवस. उन्हाळ्यात काम असेल तर चौदा दिवसांच्या टँकरची ओळ घाला. ती घातली नाही तर पैसे वाचत नाहीत. चौथ्या दिवशी पाणी बंद होतं आणि स्लॅब पुढं आयुष्यभर गळतो. सेंट्रिंगचं भाडंही दिवसांवर असतं. स्लॅबच्या साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याला, म्हणजे दोन आधारांमधल्या अंतराला, टेकू ७ दिवस, त्याहून मोठ्याला १४ दिवस, हे मानकातले किमान दिवस आहेत. हॉल मोठा ठेवला की भाडं दुप्पट दिवसांचं धरा.

पावसाळ्यात काळ्या रानातल्या प्लॉटवर ट्रॅक्टर जात नाही. माल डांबरी रस्त्यावर उतरतो आणि डोक्यावरून आत न्यावा लागतो. ही दुहेरी हमाली मी एका साइटवर पाहिली. विटांच्या किमतीच्या मानानं ती एवढी झाली, की मालकानं आधी मुरमाचा रस्ता टाकला असता तर पैसे उरले असते.

कमी पडलं तर कुठं कापायचं नाही

इस्टिमेट चुकणं मला नुसतं हिशेबाचं प्रकरण वाटत नाही, त्याचं कारण इथं आहे. पैसे कमी पडले की माणूस जे दिसत नाही ते कापतो. फरशी दिसते, दरवाजा दिसतो, पाहुण्यांना दाखवता येतो. कॉलममधल्या उभ्या सळयांना बांधणाऱ्या रिंगा दिसत नाहीत, लिंटेलचा पट्टा (दार-खिडक्यांच्या वरचा काँक्रीटचा) प्लास्टरखाली जातो. मग सहा इंचांवरची रिंग नऊ इंचांवर जाते आणि पट्टा फक्त दार-खिडकीपुरता पडतो.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती बोळवून लोक झोपले होते तेव्हा, किल्लारीच्या भूकंपात काय झालं हे आपल्या पट्ट्यात कोणाला सांगावं लागत नाही. जाड दगड-मातीच्या भिंती आणि वर मातीनं जड झालेली माळवदं होती. भिंतींना एकमेकींत बांधून ठेवणारं काहीच नव्हतं. लिंटेलचा सलग पट्टा आणि कॉलमच्या रिंगा ते बांधून ठेवायचं काम करतात. हजार फुटाच्या घरात या दोन्हींचं लोखंड वाढवून-कमी करून जो फरक पडतो, तो बहुतेक वेळा एका नक्षीच्या दरवाजाएवढा असतो. म्हणून माझ्या कागदावर आता दोन रंग असतात. लाल ओळी कापायच्या नाहीत: पाया, रिंगा, पट्टे, पाणी मारणं. निळ्या ओळी पुढं ढकलता येतात: रंग, कंपाउंड, वरच्या खोलीची फरशी, फर्निचर. हे मालकाला पहिल्याच दिवशी, खिशात पैसे असताना समजावून सांगतो. पैसे संपल्यावर सांगून उपयोग होत नाही, तेव्हा माणूस घाबरलेला असतो.

आकस्मिक खर्च म्हणून सरकारी अंदाजपत्रकातही वेगळी ओळ असते. खड्डे घेतलेले आणि मापं मोजलेली असतील तर मी ५ टक्के ठेवतो. यातलं काहीच केलेलं नसेल तर ही ओळ कितीही मोठी ठेवा, पुरत नाही.

काम चालू आहे आणि आत्ता फुटलं आहे

आधी थांबा आणि मोजा. जोतं झालं की एकदा आणि स्लॅबच्या आधी एकदा, उरलेल्या कामाचं इस्टिमेट नव्यानं करा. जुना कागद फाडू नका. त्याच्याच शेजारी "प्रत्यक्ष" असा रकाना ओढा आणि झालेला खर्च ओळीओळीनं भरा. कोणती ओळ किती फुगली ते लगेच दिसतं.

थांबायचंच असेल तर कुठं थांबायचं तेही ठरवा. उघडे खड्डे ठेवून थांबू नका. पाऊस आला की कडा ढासळतात आणि मुरमाचा तळ चिखलाचा होतो. जोतं भरून, वर सोलिंग (दगडांचा थर) करून थांबता येतं. स्लॅब टाकून थांबणं सगळ्यात बरं, खाली राहायलाही जाता येतं. भिंती अर्ध्या चढवून थांबणं सगळ्यात वाईट.

गुरुजींना मी जोत्यावर थांबवलं. उरलेल्या कामाचं नवं इस्टिमेट केलं, ओळ न ओळ मोजून. मागच्या दोन खोल्या कमी केल्या आणि त्यांचे कॉलम फक्त जोत्यापर्यंत आणून सोडले, पुढं मुलाला बांधता यावं म्हणून. वर निघालेल्या सळयांना सिमेंटचा दाट घोळ फासून घेतला आणि कमी सिमेंटच्या कच्च्या काँक्रीटनं त्या झाकून टाकल्या, कारण उघड्या सळया दोन पावसाळ्यांत गंजून बारीक होतात. कुठला कॉलम कुठं आहे त्याचा नकाशा, सळयांचा व्यास आणि पायाची खोली लिहून तो कागद त्यांच्या घराच्या फाइलला लावला.